बडबडीची गॅलरी

फेब्रुवारी उजाडला की माझ्या अभ्यासिकेत खुर्ची शिल्लक राहत नाही. एरवी ४६ पैकी दहा-बारा रिकाम्या असतात. बारावीचे पेपर तोंडावर आले की दारात पालक उभे. "काका, एक कोपरा तरी द्या. घरी अभ्यासच होत नाही हो पोराचा." घरी का होत नाही, हे विचारायची सोय नसते. बऱ्याचदा त्याचं उत्तरच समोर उभं राहून पैसे मोजत असतं.

साताऱ्यात पोवई नाक्यापासून पाच-सात मिनिटांवर आमचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची हँडबिलं. पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या, पावत्या मोबाईलवर गेल्या, आणि निवडणूक काही रोज येत नाही. २०१४ साली मी मशीन भंगारात घातलं, वरच्या मजल्यावर प्लायवूडचे कप्पे मारून घेतले, प्रत्येक कप्प्यात एक दिवा, एक प्लग, आणि खाली बोर्ड लावला. महिन्याला ८०० रुपये, पाणी फिल्टरचं, मोबाईल काउंटरवरच्या टोपलीत. सकाळी सहा ते रात्री साडेदहा.

माझं टेबल दाराशी आहे. तिथून कुणाचा चेहरा दिसत नाही, सगळ्यांच्या पाठी दिसतात. इतकी वर्षं पाठी बघितल्यावर माणसाला त्यातलं थोडंफार कळायला लागतं. नुसतं वाचणारी पाठ स्थिर असते. संथ, समाधानी. बघणाऱ्यालाही बरं वाटतं. ज्याच्या डोक्यात खरोखर काही चाललंय ती पाठ स्वस्थ नसते. ती मागे रेलते, छताकडे बघते, मान खाजवते, पुन्हा वाकते, चिडून कोरा कागद ओढते. पहिल्या वर्षी मी याचा उलटा अर्थ लावायचो. स्थिर पाठींचं पालकांजवळ कौतुक करायचो, "तुमचा मुलगा चार-चार तास जागचा हलत नाही." जूनमध्ये त्याच पालकांची गाठ पडली की मला रस्ता बदलावासा वाटायचा.

त्या स्थिर पाठींतला एकजण अजून डोळ्यांसमोर आहे. त्याच्याजवळ पाच रंगांची हायलायटर होती आणि कुठला रंग कशासाठी याचा एक तक्ता कप्प्यात चिकटवलेला होता. जानेवारी संपेपर्यंत चार रंग मागे पडले आणि पिवळा जिंकला. साफसफाईला येणाऱ्या मावशी एकदा त्याचं उघडं पुस्तक बघून म्हणाल्या, "आख्ख्या पुस्तकाला हळद लागली की वो." हळद लागली, लग्न मात्र राहिलं. दोन विषय गेले त्याचे.

त्याला हसायचा अधिकार मला नाही. १९९६ साली मी बारावी सायन्सला होतो आणि फिजिक्सचं पुस्तक मी सात वेळा वाचलं होतं. सात, मोजून. प्रत्येक वाचन झालं की पहिल्या पानावर एक उभी रेघ ओढायचो, कैदी ओढतो तशी. पेपरात पोटेन्शिओमीटर आला, विजेचा दाब मोजायचं उपकरण. मला ते पान लख्ख दिसत होतं. डावीकडचं पान, आकृती खालच्या कोपऱ्यात, आणि शेजारी माझ्याच हातून सांडलेल्या चहाचा डाग. डागाचा आकारसुद्धा दिसत होता. आकृतीतली तार कुठून निघून कुठं जाते, तेवढं दिसत नव्हतं.

एकतीस मार्क. चार कमी पडले.

साताऱ्यात निकालाच्या दिवशी कंदी पेढे वाटायची पद्धत आहे. त्या दुपारी शेजारच्या काकू पेढ्यांचा बॉक्स पदराआड धरून आमच्या दारावरून भराभर पुढे गेल्या. त्यांचा मुलगा पास झाला होता. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी तसं केलं हे आता कळतं. तेव्हा तो पदर मला चापटीसारखा लागला. वडील काही बोलले नाहीत. खाली जाऊन त्यांनी मशीन चालू केलं आणि रात्रीपर्यंत वर आले नाहीत.

त्या काळी नापासांची परीक्षा ऑक्टोबरमध्ये असायची. "ऑक्टोबरला बसलाय" असं लोक म्हणायचे, जणू ऑक्टोबर हे एखादं गाव आहे आणि मी तिथं बदलीवर गेलोय. आता फेरपरीक्षा जुलैच्या सुमारास होते, वर्षही वाचतं. आमचं वाचायचं नाही.

गल्लीच्या टोकाला एक निवृत्त सर राहायचे. आईनं त्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी निरोप पाठवला, "त्याला म्हणावं, पुस्तक आणू नगोस. पाटी आण."

बारावी सायन्सच्या मुलानं पाटी घेऊन जायची. चुलतभावाची पाटी कापडी पिशवीत तोंड खाली करून घातली आणि गेलो. सरांनी बस म्हणायच्या आधी म्हटलं, "पोटेन्शिओमीटर काढ." मी म्हटलं, सर, येत नाही. "येतंय तेवढं काढ." एक बॅटरी काढली. तिच्यापुढे एक आडवी रेघ. मग थांबलो. ते थांबणं फार वाईट होतं. सर काही बोलत नव्हते, भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं, आणि मला पुस्तकाची आठवण येत होती, अगदी आईची यावी तशी. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "कुठं अडलास? आता तेवढंच बघून ये." पुस्तक त्यांच्या कपाटात होतं. मिनिटभर बघितलं, परत आलो, थोडं पुढं गेलो, पुन्हा अडलो. असं चार वेळा. पाचव्यांदा आकृती पूर्ण झाली. "पूस." पुसली. मग त्यांनी चहा टाकला, माझ्या वडिलांच्या छापखान्याची चौकशी केली, पाऊस काय म्हणतोय वगैरे झालं. मी उंबऱ्यावर चपला घालत होतो तेव्हा मागून आवाज आला, "पाटी काढ. पोटेन्शिओमीटर."

आणि मी पुन्हा अडलो! पण या वेळी एकाच ठिकाणी.

सर खूश झाले. मी अडल्याबद्दल कुणीतरी खूश व्हावं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. म्हणाले, "अडतंय तिथंच अभ्यास असतो रे. येतंय ते वाचत बसून काय करतोस?"

ओळखीचं वाटणं आणि ओळख असणं यात फरक आहे. लग्नात समोरून एक गृहस्थ येतात. चेहरा पक्का ओळखीचा. आपण हसतो, तेही हसतात, "काय, कसं काय, बरंय ना" होतं. ते पुढे गेले की बायको विचारते, "कोण हो हे?" आणि नाव काही आठवत नाही. सात वेळा वाचलेलं पुस्तक म्हणजे ते गृहस्थ. परीक्षा बायकोसारखी असते, ती नाव विचारते.

ऑक्टोबरला अठ्ठावन्न मिळाले. पुढे बी. एस्सी. केलं, दोन-तीन नोकऱ्या केल्या, वडील थकल्यावर छापखान्यात आलो. पाटी विसरून गेलो.

ती आठवली २०१७ मध्ये. मेढ्याच्या पलीकडे, जावळीच्या डोंगरातल्या गावातली एक मुलगी मामाकडे राहून बारावी करत होती. कोपऱ्यातला कप्पा घेतला होता. चार दिवसांत तिच्याबद्दल तीन तक्रारी आल्या. "काका, ती पुटपुटते." बघायला गेलो तर पुस्तक मिटलेलं, वर पेन्सिल बॉक्स ठेवलेला, आणि बाई प्लायवूडच्या भिंतीला ग्लायकोलिसिस, म्हणजे पेशीत साखर कशी फुटते ते, समजावून सांगतायत. मी शांततेच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. ती ओशाळली, पण मग हळूच म्हणाली, "काका, मनात म्हटलं की सगळं येतंय असं वाटतं. तोंडानं म्हटलं की कुठं येत नाही ते कळतं."

एकवीस वर्षांनी कुणीतरी माझी पाटी मला परत आणून दिली.

मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीशेजारी एक अरुंद गॅलरी आहे. तिथं शाईचे रिकामे डबे आणि तुटके टाईप पडून होते. समोर अजिंक्यतारा. डबे हलवले, एक बाक टाकला, आणि तिला म्हटलं, तू इथं बस आणि काय बोलायचंय ते बोल. आठवड्याभरात तक्रार करणाऱ्या तिघांतला एकजण तिथं दिसायला लागला. मग आणखी दोघी. कुणी किल्ल्याला इतिहास सांगतोय, कुणी टाकीवर ओल्या बोटानं समीकरण लिहितंय. शेवटी मी तिथं रीतसर बोर्डच लावला: "येथे बडबड करावी." लोक त्याचा फोटो काढतात. नियम दोनच. गॅलरीत पुस्तक आणायचं नाही, आणि दुसऱ्याला "एवढंपण येत नाही?" म्हणायचं नाही. दुसरा नियम मोडला म्हणून मी एका हुशार मुलाला आठवडाभर गॅलरीबंदी केली होती. पहिला नियम तर स्पर्धा परीक्षावाले अजूनही मोडतात.

मे महिन्यात अभ्यासिका ओस पडते. २०१८ च्या मे महिन्यात मी काउंटरवर बसून या विषयावर जे सापडेल ते वाचत सुटलो. सात वेळा वाचून एकतीसच का, याचं उत्तर मला हवं होतं. ते अमेरिकेतल्या सेंट लुईसमधल्या एका प्रयोगात सापडलं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो पुन्हा पुन्हा वाचायचा. दुसऱ्या गटानं थोडा वेळ वाचायचा, मग मिटून आठवेल तेवढं लिहायचं, पुन्हा लिहायचं, पुन्हा लिहायचं. पहिल्या गटाचं वाचन सरासरी चौदा वेळा झालं, दुसऱ्याचं जेमतेम साडेतीन वेळा. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं घेतली तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर आले होते आणि लिहून बघणारे ६१ वर होते.

यातली मला सगळ्यात झोंबलेली गोष्ट वेगळीच आहे. आठवड्यानंतर किती आठवेल असं वाटतं, हे आधी विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांचा गटच जास्त निर्धास्त होता. बारावीच्या पेपरला जाताना मीही निर्धास्त होतो. आई म्हणाली होती, देवाला नमस्कार कर, तर मी म्हटलं, सात वेळा झालंय.

म्हणून हल्ली कुणी येऊन म्हणालं, "काका, माझं सगळं झालंय, आता फक्त एकदा नजर फिरवायची," की माझ्या पोटात गोळा येतो. आणि कुणी रडकुंडीला येऊन "मला काहीच आठवत नाहीये" म्हणालं की मी निदान त्याला चहा पाजू शकतो. त्याचं अडणं कप्प्यात चाललंय, दहा तारखेच्या पेपरात नाही.

बायको शाळेत संस्कृत शिकवते. मी हे सगळं उत्साहानं तिला सांगितलं तर म्हणाली, "यात नवीन काय? पाणिनीकडे 'अभ्यास' म्हणजे हेच." ददाति हे रूप घ्या. 'दा' धातूची आधी द्विरुक्ती होते, त्या दोहोंतल्या पहिल्याला पाणिनी अभ्यास म्हणतो. पूर्वोऽभ्यासः. म्हणजे एकदाच म्हटलेल्या गोष्टीला तो शब्द लागूच होत नाही, दुसऱ्यांदा म्हटली तर पहिलीला अभ्यास हे नाव मिळतं. व्याकरणातली एक संज्ञा तिनं अभ्यासिकेला चिकटवली हे मला कळत होतं, पण ती शिक्षिका आहे आणि मी दुकानदार. गप्प बसलो.

मला आपला मराठीतला दुसरा शब्द जास्त पटतो: उजळणी. आमच्या लहानपणी पाढ्यांच्या पुस्तकालाच उजळणी म्हणायचे. हा शब्द भांड्यांचा आहे. आजीकडे पितळेचे डबे आणि तांब्याचा बंब होता. दिवाळीच्या आधी ती सगळं अंगणात काढायची आणि चिंचेचा कोळ लावून घासायची. मी एकदा हौसेनं कालच घासलेला तांब्या पुन्हा घासायला घेतला तर ओरडली, "चकचकीत हाय त्याला काय घासतोस? काळं पडलंय ते घे." उजळणीला आधी भांडं थोडं काळवंडावं लागतं. आज वाचलेला धडा आजच रात्री पुन्हा वाचणारी मुलं चकचकीत तांब्या घासत असतात. हाताला काम मिळतं, तांब्याला काही होत नाही. तीन दिवस जाऊ द्यावेत. धडा पुसट झाला, आठवायला जोर लागायला लागला, की मग घासावा. नंतर आठवड्यानं. मग पंधरा दिवसांनी. मात्र पार हिरवा गंज चढेपर्यंत थांबू नये, नाहीतर ते नव्यानं शिकणंच होतं.

भांडं किती वेगानं काळवंडतं हे जर्मनीतल्या हर्मान एबिंगहाऊस नावाच्या गृहस्थानं १८८५ मध्ये छापून ठेवलंय. त्यानं प्रयोग स्वतःवरच केले. अर्थ नसलेली अक्षरं, त्यांच्या याद्या, त्या पाठ करायच्या, आणि ठरावीक वेळानं पुन्हा पाठ करायला किती श्रम पडतात ते मोजायचं. त्याला असं दिसलं की विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं आणि मग मंदावतं. तेव्हा "काल तर पाठ होतं, आज सगळं गेलं, माझं डोकंच चालत नाही" हे जे दर मार्चमध्ये मला ऐकावं लागतं, त्यात डोक्याचा दोष नाही. पितळ आहे, काळं पडणारच.

गणिताबद्दल एकच सांगतो, कारण ते फार कमी जण करतात. पुस्तकात सरावसंचाच्या वर प्रकरणाचं नाव छापलेलं असतं. वर्गसमीकरणं असं वर लिहिलंय म्हटल्यावर खाली काय करायचं हे सांगायला लागत नाही, हात आपोआप चालतो. बोर्डाच्या पेपरात शाब्दिक उदाहरणावर प्रकरणाचं नाव नसतं. आमच्याकडे बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात सगळ्या प्रकरणांतली उदाहरणं कापून चिठ्ठ्या केल्यात. डोळे मिटून एक काढायची. पहिले आठ दिवस पोरं वैतागतात, म्हणतात, काका, याच्यानं कॉन्फिडन्स जातो. जाऊ दे म्हणतो मी. उसना होता तो.

आता तासांविषयी. माझ्या काउंटरवर एक रजिस्टर आहे, येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ. मी ते फक्त खुर्च्यांच्या हिशेबासाठी ठेवलं होतं. पालकांनी त्याचं गुणपत्रक केलं. फोन येतात, "काल किती तास बसला?" बसला एवढंच मला माहीत असतं. तासांचं हे वेड कुठून येतं याचा मी विचार करतो तेव्हा दारावरच्या फोटोकडे बघतो. साताऱ्यात अभ्यासिका आणि बाबासाहेबांचा फोटो नाही, असं होणार नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथल्याच शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचं नाव दाखल झालं. तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. १४ एप्रिलच्या सुमारास ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो, आमच्याकडेही होतो. मी स्वतः रात्री पोहे करतो. त्या दिवशीचं वातावरण बघण्यासारखं असतं, आणि ते अभिवादन आहे याबद्दल वाद नाही. पण तेच वेळापत्रक करून फेब्रुवारीत महिनाभर रेटायला निघालेली मुलं मी बघितलीत. पाचव्या-सहाव्या दिवशी ती कप्प्यात मान टाकून झोपलेली असतात, आणि रजिस्टरवर मात्र चौदा तास लागलेले.

त्यावरूनच साडेदहाचा आमचा नियम. आसपास 'चोवीस तास सुरू' असे बोर्ड झाले आहेत. त्यापायी मार्चमध्ये माझे सहा-सात जण तरी जातात, म्हणजे पाच हजारांचा फटका. बायको म्हणते, तुम्हाला धंदा कधी जमलाच नाही. कॉर्नेल विद्यापीठात जेनकिन्स आणि डॅलेनबाख या दोघांनी १९२४ मध्येच दोन विद्यार्थ्यांवर बघितलं होतं की पाठ करून झोपी गेलेल्याच्या जास्त लक्षात राहतं आणि तितकेच तास जागं राहिलेल्याच्या कमी. नंतर झोप आणि स्मरण यांवर ढिगानं काम झालं. मी ते पालकांना सांगतो तेव्हा ते मान डोलावतात आणि विचारतात, "पण पेपराच्या आदल्या रात्री तरी उघडी ठेवाल ना?" आदल्या रात्री तर मी दहालाच दिवे घालवतो.

भीतीचं काय करायचं, हे मात्र मला बरीच वर्षं सुचलं नाही. छातीत धडधडतंय, हात गार पडलेत, तळव्यांना घाम आलाय, अशा पोराला "टेन्शन घेऊ नकोस" म्हणणं म्हणजे शिंक आलेल्याला शिंकू नकोस म्हणणं. मग २०११ सालचा एक अभ्यास वाचनात आला. रामिरेझ आणि बायलॉक या दोघांचा, 'सायन्स' या नियतकालिकात आलेला. परीक्षेच्या आधी दहा मिनिटं मुलांना स्वतःच्या भीतीबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांना परीक्षेची धास्ती जास्त होती त्यांना त्याचा फायदा झाला. खर्च काहीच नव्हता. माझ्याकडे छापखान्यातले पत्रिकांचे बाद कागद पडलेले. एका बाजूला "आमचे येथे श्रीकृपेकरून", दुसरी बाजू कोरी. गठ्ठा काउंटरवर ठेवला, शेजारी एक खोका ठेवला. काय वाटतंय ते लिहायचं, खोक्यात टाकायचं, मी वाचत नाही, मावशी रद्दीत घालतात. पहिले चार दिवस कुणी हात लावला नाही. मग एक-एक करून कागद संपायला लागले. परीक्षेच्या दिवसांत आता सकाळी सहालाच तीन-चार जण काउंटरशी उभ्यानं लिहीत असतात, हॉल तिकीट शर्टाच्या खिशात.

मी वाचत नाही हे खरं होतं. गेल्या वर्षीपर्यंत.

गेल्या वर्षी माझी लेक दहावीला होती. सतरा नंबरचा कप्पा. फेब्रुवारीतल्या एका दुपारी वारं सुटलं, जिन्याचं दार आपटलं आणि खोका कलंडला. कागद जिन्यावर पसरले. गोळा करता करता एका पत्रिकेच्या पाठीमागचं अक्षर दिसलं. 'र' ला अशी शेपटी आमच्या घरात एकच माणूस काढतो. खरंतर तिथंच तो कागद उलटा करायला हवा होता.

"पप्पा रोज जेवताना विचारतात किती तास झाले. मी वाढवून सांगते. आज गॅलरीत दोन तास भूमिती बोलले, ते तास धरायचे की नाही ते कळत नाही. खरं सांगितलं तर त्यांना कमी वाटेल."

जिन्यात उभा राहिलो. ज्या माणसानं गावभरच्या पोरांसाठी बडबडीचा बोर्ड लावला, तो घरी आमटी-भातावर तास मोजत होता. आणि मला ते माहीतच नव्हतं, असंही नाही. विचारताना दर वेळी जाणवायचं. तरी तोंडातून जायचं. रजिस्टर तर माझ्याकडे होतंच, मग विचारत कशाला होतो? बहुधा माझं एकतीसच माझ्या तोंडून बोलत होतं. मशीनच्या आवाजात दिवसभर खाली बसून राहिलेले वडील न बोलता जे करत होते, ते मी बोलून करत होतो, एवढाच फरक.

कागद घडी करून खोक्यात तळाशी ठेवला. तिला काही बोललो नाही, आजही बोललेलो नाही.

त्या रात्री जेवायला बसलो. ती वाट बघत असावी, कारण घास हातात धरून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "आज कुठं अडलीस?"

"म्हणजे?"

"कुठंतरी अडली असशील ना."

तिनं आधी आईकडे बघितलं, यांना काय झालं अशा नजरेनं. मग म्हणाली, "स्पर्शिका-छेदिकेच्या प्रमेयात. कुठले त्रिकोण समरूप घ्यायचे तेच आठवत नाही." आणि तांब्याच्या बाहेरून ओघळलेल्या पाण्यात बोट बुडवून तिनं ताटाशेजारी फरशीवर वर्तुळ काढलं. अर्ध्यावर आली आणि थांबली. मी काही सांगितलं नाही, सांगण्यासारखं मला येतही नव्हतं. वर्तुळ वाळून गेलं. तिनं पुन्हा काढलं. आमटी गार झाली म्हणून बायको दोघांवर ओरडली.

पुढे आठ-दहा दिवस ही चौकशी सवयीसारखी झाली. कधी ती "कुठंच नाही" म्हणायची आणि मला ते खोटं वाटायचं, पण मी गप्प राहायचो. एकदा उलट तिनंच मला विचारलं, "पप्पा, तुम्ही आज कुठं अडलात?" लाईट बिलात, म्हटलं. ते खरं होतं.

भूमितीच्या पेपराच्या आदल्या रात्री नियमाप्रमाणे दहाला मी दिवे घालवायला सुरुवात केली. कप्पे रिकामे झाले होते, टोपलीत दोनच मोबाईल उरले होते. गॅलरीतून आवाज येत होता. जाऊन बघितलं तर बाकावर माझी लेक आणि परळीकडून येणारी तिच्या वर्गातली एक मुलगी. पुस्तक नव्हतं. टाकीवर खडूनं वर्तुळ काढलेलं. माझी लेक सांगत होती आणि ती मुलगी तिला मध्येच थांबवत होती, "पण हाच त्रिकोण का? दुसरा का नाही?" लेक अडली. खडू टाकीवर टेकवून तशीच थांबली. वर पोटभर अंधार आणि किल्ल्यावरचा एक लाल दिवा.

बटणाकडे गेलेला हात मी खाली घेतला आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर, त्यांना दिसणार नाही असा, बसून राहिलो. दहा वाजून गेले होते.